उन्हाळ्यात बीपी उतरलं, म्हणून गोळी बंद करायची का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. वडील ७१ वर्षांचे, अकोला जिल्ह्यात गावी राहतात, सकाळी शेतात चक्कर मारतात. सकाळी टेल्मिसार्टन ४० आणि हायड्रोक्लोरोथायझाइड १२.५ ही एकत्र गोळी, रात्री ॲम्लोडिपिन ५. डिसेंबरात घरच्या मशीनवर १५८/९२ यायचं, आता मे महिन्यात त्याच मशीनवर १०४/६२ येतंय आणि पलंगावरून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते. शेजारचे काका म्हणतात, उन्हाळ्यात बीपी आपोआप उतरतं, गोळ्या बंद करा, दिवाळीला पुन्हा सुरू करा. तुम्ही पुण्यात आहात आणि विचारताय की हवामानाने खरंच एवढा फरक पडतो का, की मशीन बिघडलंय. शिवाय जूनमध्ये त्यांची चारधामची यात्रा ठरली आहे.

मी पश्चिम विदर्भातच फिजिशियन आहे आणि एप्रिल-मे आला की हाच प्रश्न रोज ओपीडीत येतो. हवामानाचं पुढे सविस्तर सांगतो, पण आधी तातडीचं. तीन औषधं चालू असलेल्या आणि उठताना अंधारी येणाऱ्या सत्तरीच्या माणसाला १०४/६२ हे बीपी कमी आहे. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना आजच फोन करा, हे आकडे आणि अंधारीची तक्रार दोन्ही सांगा. डोस कमी करायची वेळ बहुधा आली आहे. कोणती गोळी आणि किती, हे मात्र त्यांनीच ठरवायला हवं. किडनी कशी आहे, शुगर आहे का, हृदयाचा किंवा लकव्याचा जुना त्रास आहे का, प्रोस्टेटची गोळी चालू आहे का, यातलं काहीच तुम्ही लिहिलेलं नाही आणि निर्णय बराचसा त्यावरच ठरतो.

काकांचं निरीक्षण चुकीचं नाही. उन्हाळ्यात बीपी उतरतं आणि थंडीत चढतं, हे जगभर मोजून झालेलं आहे. बाहेर तापलं की त्वचेतल्या रक्तवाहिन्या सैलावतात, रक्त त्वचेकडे येतं, घाम सुटतो आणि शरीरातली उष्णता बाहेर पडते. वडिलांना ठिबकच्या भाषेत सांगता येईल: मोटर तीच, पण सगळे व्हॉल्व्ह एकदम उघडले की नळीतला दाब पडतो. त्यात घामावाटे पाणी आणि मीठ दोन्ही जातं, म्हणजे वाहिन्यांमधलं रक्ताचं प्रमाणही थोडं कमी होतं. तरुण माणसाचं हृदय अशा वेळी जरा जोरात चालतं, आतड्यांकडच्या वाहिन्या आकसतात आणि बीपी सावरलं जातं. सत्तरीत ही सावरण्याची क्रिया मंदावलेली असते, आणि तहानही पूर्वीसारखी लागत नाही. म्हाताऱ्या माणसाला ‘तहान लागेल तेव्हा पाणी प्या’ हा सल्ला अपुरा पडतो तो यामुळेच.

थंडीत बरोबर उलट घडतं. त्वचेतल्या वाहिन्या आकसतात, हृदयाला जास्त जोराने रक्त ढकलावं लागतं. बर्फाच्या पाण्यात हात मनगटापर्यंत मिनिटभर बुडवला तरी बीपी चढतं. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमधल्या हाइन्स आणि ब्राउन या डॉक्टरांनी याचीच चाचणी बसवली होती आणि ती आजही वापरली जाते. कार्तिकात पहाटे उघड्यावर गार पाण्याने आंघोळ करणाऱ्या बीपीच्या माणसाचं शरीर हीच चाचणी अंगभर देत असतं. शिवाय थंडीत घाम नसतो, त्यामुळे खाल्लेलं मीठ अंगात राहतं. चालणं कमी होतं, खाणं वाढतं, वजन दोन-तीन किलोंनी सरकतं. त्याचाही परिणाम बीपीवर होतोच.

आता आकड्यांकडे येऊ, कारण तुमच्या प्रश्नातली खरी गोम तिथे आहे. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने २०२० मध्ये यावर एक एकमताचं निवेदन काढलं. त्यानुसार उन्हाळ्यात बीपी सरासरी ५/३ ने (वरचं ५, खालचं ३) कमी असतं. फ्रान्समध्ये बोर्दो, दिजाँ आणि माँपेलिए या तीन शहरांतल्या ६५ वर्षांवरच्या ८,८०१ लोकांचा अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सर्वांत थंड आणि सर्वांत उबदार दिवसांच्या मोजणीत वरच्या बीपीत ८ चा फरक दिसला, आणि ऐंशीच्या पुढच्यांत तो अधिक होता. म्हणजे फरक आहे, पण तो ५ ते १० च्या घरातला.

तुमच्या वडिलांचा फरक ५४ चा आहे.

एवढा फरक निव्वळ हवामानाने पडत नाही. आपल्याकडे तो युरोपपेक्षा थोडा जास्त असू शकतो, हे मी मानतो. तिथे हिवाळ्यात घरं तापवलेली असतात; बाहेर बर्फ असला तरी माणूस २० अंशांत झोपतो. आपल्याकडे जानेवारीच्या पहाटे बाहेर १० अंश असलं की कौलारू किंवा टिनाच्या घरात आतही जवळपास तेवढंच असतं, आणि मे महिन्यात त्याच घरात दुपारी भट्टी होते. घरातलं तापमान बाहेरच्यापेक्षा महत्त्वाचं असतं. जपानमध्ये घरोघरी केलेल्या एका मोठ्या पाहणीत (२०१९) सकाळी खोली १० अंशांनी थंड असेल तर वरचं बीपी सरासरी ८ ने जास्त आढळलं. हे सगळं धरूनही १५, फार तर २० समजावता येतील. उरलेले तीसेक कुठून आले, ते शोधायला हवं.

मी असा पेशंट समोर आला की पहिला प्रश्न विचारतो: रात्रीची गोळी कधी सुरू झाली? बहुतेक वेळा उत्तर मिळतं, ‘थंडीत बीपी वाढलं होतं तेव्हा डॉक्टरांनी वाढवून दिली.’ तुमच्या वडिलांच्या बाबतीतही ॲम्लोडिपिन त्या १५८ नंतर सुरू झाली असावी, अशी मला दाट शंका आहे. जुनी फाइल काढून तारीख बघा. तसं असेल तर हिशोब लागतो. डिसेंबरचा आकडा कमी औषधांवरचा आणि मे महिन्याचा जास्त औषधांवरचा. थंडीला बेतून दिलेला डोस उन्हाळ्यातही तसाच चालू राहिला. यात कुणाची चूक नाही, १५८/९२ असताना औषध वाढवणं योग्यच होतं. फक्त ऋतू बदलल्यावर त्या डोसकडे पुन्हा बघायचं राहून गेलं.

दुसरा प्रश्न मोजण्याचा. डिसेंबरात कधी मोजायचे? सकाळी सहाला, गोळीच्या आधी, अंगात स्वेटर, वरून शाल? बाही वर सरकवली की ती दंडावर घट्ट वळी होऊन बसते आणि पट्टा तिच्यावर बांधला जातो. असा आकडा ग्राह्य नसतो. थंडगार खोलीत, काकड आरतीहून आल्या आल्या मोजलं तरी जास्त येणारच. आणि मे महिन्यात कधी मोजता? शेतातून दहा वाजता घामेघूम येऊन, गोळी घेतल्यावर दोन-तीन तासांनी? मग कमी येणार. दोन वेगळ्या परिस्थितींतले आकडे शेजारी ठेवून आपण हवामानाला दोष देतो. मशीन बिघडल्याची शक्यता मला कमी वाटते, पण डॉक्टरांकडे जाताना ते सोबत न्या आणि त्यांच्या यंत्राशी ताडून घ्या. मनगटाचं मशीन असेल तर दंडाचं घ्या.

तिसरी गोष्ट पाणी. मे महिन्यात त्यांना लघवी दिवसातून किती वेळा होते आणि रंग कसा असतो, हे फोनवर विचारा. गडद पिवळी आणि दिवसातून दोन-तीनदाच होत असेल तर पाणी कमी पडतंय, हे समजायला मशीन लागत नाही.

आता त्या गोळ्यांबद्दल, कारण उन्हाळा प्रत्येक गोळीशी वेगळा वागतो. गोळीच्या नावापुढे ‘एच’ किंवा ‘सीटी’ अशी अक्षरं असतात, त्याचा अर्थ तिच्यात लघवी वाढवणारं औषध आहे (हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन). मीठ आणि पाणी बाहेर काढणं हेच तिचं काम. उन्हाळ्यात घामही तेच करत असतो. दोन्हींची बेरीज झाली की बीपी तर उतरतंच, पण रक्तातलं सोडियमही घसरू शकतं. शेतात निंदायला जाणारी एक बाई मला आठवते. पन्नाशीच्या पुढची, ‘एच’वाली गोळी चालू. ऊन फार म्हणून ती दिवसभर हंड्यातलं साधं पाणी पीत राहिली, जेवण मात्र जात नव्हतं. आणली तेव्हा पोटऱ्यांत गोळे, उलट्या, आणि बोलणं असंबद्ध. घरच्यांना वाटलं ऊन लागलं. ताप नव्हता. रक्त तपासलं तर सोडियम खूप खाली गेलं होतं. ती बरी झाली, पण वयस्कर माणूस उन्हाळ्यात अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागला तर आधी सोडियम बघायचं, हे तेव्हापासून मी तालुक्याच्या प्रत्येक तरुण डॉक्टरला सांगत आलो आहे.

टेल्मिसार्टन आणि त्या जातीची औषधं किडनीसाठी एरवी चांगली. पण अंगातलं पाणी कमी झालेलं असताना किडनीला रक्तपुरवठा टिकवायला जी यंत्रणा मदत करते तिलाच ही औषधं थोडी रोखतात. जुलाब-उलट्या झाल्या किंवा उन्हाचा फटका बसला तर किडनीला इजा होऊ शकते. त्यात गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर आणलेली डायक्लोफिनॅकसारखी गोळी पडली तर धोका आणखी वाढतो. ‘एच’, टेल्मिसार्टन आणि दुखण्याची गोळी हे तिन्ही मे महिन्यात एका पोटात नको. वडील अशी गोळी घेतात का, हे नक्की विचारा. पुष्कळ लोक तिला औषध समजतच नाहीत, म्हणून डॉक्टरांना सांगत नाहीत.

ॲम्लोडिपिन वाहिन्या सैल करते, ऊनही तेच करतं. म्हणून उन्हाळ्यात घोट्यावर सूज येते, संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतल्याची खूण पायावर दिसते. या सुजेसाठी लघवीची गोळी वाढवणं हा उलटा उपाय होतो. मेटोप्रोलॉलसारखी नाडी मंद करणारी गोळी असेल तर उठताना हृदय हवं तितकं वेग घेत नाही आणि चक्कर येते. प्रोस्टेटसाठीच्या टॅम्सुलोसिनने उभं राहिल्यावर बीपी पडू शकतं. शुगरसाठी डापाग्लिफ्लोझिन असेल तर लघवीवाटे आणखी पाणी जातं. यातल्या काही गोळ्या, विशेषतः मेटोप्रोलॉल आणि क्लोनिडिन (हेही बीपीचंच औषध), एकदम बंद केल्या तर बीपी आणि नाडी उसळतात. ‘सगळ्या गोळ्या बंद करा’ हा काकांचा सल्ला म्हणूनच मला मान्य नाही.

सगळं बंद न करण्याचं आणखी एक कारण आहे. इटलीत २४ तासांचं बीपी मशीन लावून केलेल्या अभ्यासांत असं दिसलं, की उष्ण दिवसांत दिवसाचं बीपी कमी राहतं पण रात्रीचं वाढलेलं असतं, विशेषतः उपचार चालू असलेल्या वयस्कर लोकांत. उकाड्यात झोप नीट लागत नाही, हे त्याचं एक कारण असावं. रात्रीचं बीपी हृदयाला आणि मेंदूला जास्त त्रासदायक असतं. दुपारी बारा वाजताचा १०४ बघून रात्रीचंही तसंच असेल असं धरून चालता येत नाही.

मीठ-पाण्याबद्दल तुम्हाला लोक दोन टोकांचे सल्ले देतील. एक जण म्हणेल, बीपी कमी आहे, मीठ वाढवा. रोज ओआरएस द्या. ओआरएसच्या एक लिटरच्या पुड्यात २.६ ग्रॅम मीठ आणि शिवाय २.९ ग्रॅम सोडियम सायट्रेट असतं, आणि जागतिक आरोग्य संघटनेची दिवसाची मिठाची मर्यादा ५ ग्रॅमच्या आत आहे. जुलाब झाले, उन्हात राबून अंग गळालं, तर ओआरएस जरूर द्या. घरात पंख्याखाली बसलेल्या बीपीच्या माणसाला सरबत म्हणून रोज नको. ताक, पातळ पन्हं, लिंबूपाणी चालेल, मीठ चिमूटभर. वाळवणाचे पापड-कुरड्या आणि नवं लोणचं याच दिवसांत पानात वाढतं, तिथे हात आखडता ठेवा. नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर असतं. टेल्मिसार्टन चालू आहे आणि किडनीही कमकुवत असेल तर रोजचं नारळपाणी डॉक्टरांना विचारून. हृदय अशक्त असल्याचं निदान असेल तर पाण्याचं मोजमापही त्यांच्याकडूनच घ्या.

तुमचं गाव पूर्णेच्या खोऱ्यातल्या खारपाणपट्ट्यात असेल तर एक जास्तीची गोष्ट. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतल्या त्या पट्ट्यात बोअरचं पाणी खारट असतं, हे तुम्हाला सांगायला नको. अशा पाण्यातून सोडियम पोटात जातं, ते उन्हाळ्यात जास्त पाणी प्यायल्यावर जास्तच. बांगलादेशच्या किनाऱ्यावर खारट पाणी पिणाऱ्या लोकांवर बरंच काम झालं आहे. तिथले निष्कर्ष सरळसोट नाहीत, कारण पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उलट्या दिशेने काम करतं. मी तरी या पट्ट्यातल्या बीपीच्या आणि किडनीच्या पेशंटांना पिण्यापुरतं नळयोजनेचं किंवा आरओचं पाणी वापरायला सांगतो, आणि वर्षातून एकदा क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) तपासायला लावतो.

पावसाळ्याबद्दल पुष्कळ जण विचारतात, की बाहेर हवेचा दाब कमी झाला की रक्ताचा दाबही बदलतो का. व्यवहारात लक्ष देण्याजोगं काही घडत नाही. दमटपणा मात्र महत्त्वाचा. हवा दमट असली की घाम वाळत नाही, अंग थंड होत नाही, आणि शरीर आणखी घाम सोडत राहतं. कोकणात आणि मुंबईत ३५ अंशही जड जातात ते यामुळे. सूर्यप्रकाशाचंही थोडं योगदान आहे: अतिनील किरणांनी त्वचेतून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि बीपी किंचित उतरतं, असं एडिनबराच्या संशोधकांनी दाखवलं आहे. त्याचा उपचार म्हणून उपयोग करावा असं काही सिद्ध झालेलं नाही.

माझी पद्धत अशी आहे. बीपीच्या पेशंटांना मी होळीच्या सुमारास आणि दिवाळीच्या सुमारास बोलावतोच. होळीला उभं राहून बीपी बघतो: आधी पाच मिनिटं बसवून, मग उभं करून एका आणि तीन मिनिटांनी. वरचं बीपी २० ने किंवा खालचं १० ने पडलं तर आकडा कितीही चांगला दिसो, हा माणूस मे महिन्यात पडणार, हे गृहीत धरतो. वयस्करांचं सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासतो. डोस कमी करायचाच असतो असं नाही. १३० च्या आसपास आहे, चक्कर नाही, कामाचं ठिकाण एसीत आहे, अशा माणसाची गोळी मी बदलत नाही. मुंबई-पुण्यात राहणाऱ्यांना बहुतेक वेळा काहीच बदलावं लागत नाही. घरचं वरचं बीपी सातत्याने ११० च्या खाली, किंवा त्याहून थोडं वर पण उठताना त्रास, असं असेल तर एकाच औषधात बदल करतो. बहुधा आधी ‘एच’ काढतो, नाहीतर थंडीत वाढवलेली गोळी अर्ध्यावर आणतो, आणि दोन आठवड्यांनी पुन्हा आकडे मागतो. हृदय अशक्त असल्यामुळे किंवा किडनीसाठी दिलेली गोळी बीपी कमी आहे एवढ्यावर काढता येत नाही. तिथे हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांशी बोलूनच.

आणि चिठ्ठीवर मराठीत, मोठ्या अक्षरात लिहितो: ‘ही गोळी कमी केली आहे. नवरात्रात बीपी मोजून मला दाखवा.’ कारण काकांच्या सल्ल्यातला सर्वांत धोक्याचा भाग ‘दिवाळीला पुन्हा सुरू करा’ हा आहे. ती सुरू होत नाही. मे महिन्यात बंद केलेल्या गोळीशिवाय माणसाला चार महिने बरं वाटतं, दिवाळीत पाहुणे, सोयाबीन काढणी, कापूस, आणि बीपी वाढलेलं जाणवत तर नाहीच. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे लकव्याचे पेशंट येतात, तेव्हा नातेवाइकांना विचारलं की गोळी चालू होती का, तर ‘उन्हाळ्यापासून बंद होती’ हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकलं आहे, की कमी करताना पुन्हा वाढवायची वेळ ठरवल्याशिवाय मी चिठ्ठी हातातून सोडत नाही. थंडीत आणखी दोन गोष्टी बीपी चढवतात आणि त्यांचं खापर थंडीवर फुटतं: सांधे दुखतात म्हणून घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या, आणि नाक मोकळं करणाऱ्या सर्दीच्या गोळ्या. थंडीत औषध वाढवण्याआधी मी या दोन्ही विचारून घेतो.

आता चारधाम. यमुनोत्री, गंगोत्री, बद्रीनाथ ही तिन्ही ३,००० मीटरच्या वर, आणि केदारनाथ ३,५८३ मीटरवर. तुलनेसाठी, आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. महाबळेश्वर किंवा चिखलदऱ्याला उंचीमुळे बीपीला काही होत नाही, पण ३,००० च्या वर विरळ हवेमुळे शरीर ताणावर येतं आणि बीपी चढतं. एव्हरेस्टच्या पायथ्याशी ५,४०० मीटरवर निरोगी लोकांना नेऊन इटलीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये निष्कर्ष मांडले: २४ तासांचं वरचं बीपी सरासरी १४ ने वाढलं. त्यांनी वापरलेलं औषध योगायोगाने तुमच्या वडिलांचंच, टेल्मिसार्टन. ते ३,४०० मीटरपर्यंत उपयोगी पडलं, ५,४०० वर त्याचा परिणाम दिसेना.

तुमच्या बाबतीत गुंता असा: अकोल्याच्या ४४ अंशांत आपण डोस कमी करणार, आणि जूनमध्ये दोन-तीन दिवसांत ते अशा जागी पोचणार जिथे रात्री कडाक्याची थंडी आणि विरळ हवा दोन्ही एकदम आहेत. म्हणजे उन्हाळ्याचा डोस घेऊन हिवाळ्यात. केदारनाथला गौरीकुंडापासून सुमारे १६ किलोमीटर चढ आहे, तो वेगळाच. म्हणून डोस बदलताना डॉक्टरांना यात्रेची तारीख सांगा आणि वर गेल्यावर कोणत्या आकड्याला काय करायचं ते लिहून घ्या. आजच्या स्थितीत, म्हणजे अंधारी येत असताना, मी त्यांना यात्रेला हो म्हणणार नाही. तीनेक आठवडे बीपी स्थिर राहिलं, ईसीजी आणि रक्त ठीक आलं, आणि चालताना धाप किंवा छातीत दुखणं नसेल तर जायला हरकत नाही. मशीन सोबत न्या, गोळ्या हाताशी असलेल्या पिशवीत ठेवा, वाटेत मुक्काम करत चढा, केदारनाथला पायी जाण्याचा हट्ट नको. एका दिवसात हेलिकॉप्टरने वर जायचं असेल तर शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही, हेही डॉक्टरांना सांगा.

या आठवड्यात मोजायचं ते असं. सकाळी उठून लघवीला जाऊन आल्यावर, चहा-तंबाखू-गोळीच्या आधी. आणि संध्याकाळी जेवणापूर्वी. उन्हातून आल्यावर निदान अर्धा तास थांबा. पाठ टेकून, पाय जमिनीला लावून पाच मिनिटं गप्प बसायचं, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे लिहायचे. सकाळी तिसऱ्यांदा उभं राहून एक, पण बाजूला कुणीतरी हवं. सात दिवस करा, पहिल्या दिवसाचे आकडे सोडून बाकीच्यांची सरासरी काढा. वहीत शेजारी त्या दिवशी किती पाणी प्यायले आणि चक्कर आली का, तेही लिहा. आईंना किंवा घरातल्या कुणा मुलाला हे फोनवर समजावून द्या आणि वहीचा फोटो रोज मागवा. वरचं बीपी ९० च्या खाली गेलं, ते पडले, शुद्ध हरपली, बोलणं गोंधळलं, दिवसभर लघवी झाली नाही, छातीत दुखलं, किंवा तोंड वाकडं होऊन हात-पाय उचलेना, तर आठवडा पुरा व्हायची वाट बघू नका, सरळ दवाखान्यात न्या. तोवर सकाळी पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसून, पाय हलवून मगच उठायला सांगा, आणि शेतातली चक्कर नऊच्या आत संपू द्या.

आकडे आणि फाइलमधली ती ॲम्लोडिपिनची तारीख मिळाली की इथे लिहा. किडनीचा रिपोर्ट असेल तर तोही टाका. त्यावरून डॉक्टरांना नेमकं काय विचारायचं, ते मी सांगू शकेन.